लागोसचा डिसेंबर: घरी परतणाऱ्याचा गुरुवार ते गुरुवार

डिसेंबर लागला की लंडन, ह्यूस्टन, टोरांटोहून लागोसला येणारी विमानं सुट्टीला घरी निघालेल्या नायजेरियन माणसांनीच भरलेली असतात. या माणसांना लागोसमध्ये 'आयजेजीबी' म्हणतात, म्हणजे 'आय जस्ट गॉट बॅक' म्हणणारा, नुकताच परतलेला. हेल बदलून बोलणारा, प्रत्येक किमतीला मनातल्या मनात पौंडाने भागणारा, वीज गेली की दचकणारा. त्याची थट्टा विमानतळावर सुरू होते आणि परतीच्या विमानापर्यंत थांबत नाही. त्या थट्टेत माया आहे आणि परीक्षाही आहे. हा अजून आपला आहे की पाहुणा झाला, हे लोक विनोदातून तपासतात. पैसे मागणं, नाही म्हणणं, मान देणं, राग गिळणं ही सगळी कामं इथे विनोदच करतो. म्हणून पुढच्या आठवड्यात दर आणि कागदपत्रं जितकी महत्त्वाची, तितकंच हसून उत्तर देणंही महत्त्वाचं आहे.

गुरुवार, रात्र

इकेजातल्या मुर्तला मुहम्मद विमानतळावर पासपोर्टच्या रांगेआधी पिवळ्या तापाच्या लशीचं पिवळं कार्ड विचारलं जातं. लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घेतलेली हवी, कारण दाखला दहाव्या दिवसानंतरच ग्राह्य होतो. २०१६ पासून तो आयुष्यभर चालतो, त्यामुळे जुनं कार्ड असेल तर पुन्हा टोचून घ्यायची गरज नाही. कार्ड पासपोर्टच्या आत ठेवावं आणि पासपोर्टच्या आत दुसरं काहीही ठेवू नये, विशेषतः नोट.

सामान तपासणारा गणवेशातला माणूस हसतमुखाने विचारतो, "ओगा, एनीथिंग फॉर द बॉइज?" साहेब, पोरांसाठी काही आणलंत का? डिसेंबरात त्याच्या जोडीला "मेरी ख्रिसमस इन अ‍ॅडव्हान्स, सर!" येतं. असं कुठलंही शुल्क नसतं. पण चिडून "ही लाच आहे" असं इंग्रजी ठसक्यात सुनावलं की बॅग उघडली जाते आणि अर्धा तास जातो. लागोसमध्ये वाढलेली माणसं तेवढ्याच मोठ्याने हसून उत्तर देतात: "माय ब्रदर, गॉड गो ब्लेस यू! आय डे कम!" मी येतोच, असं म्हणत पावलं दाराकडे वळलेली असतात. दोघांनाही माहीत असतं की कुणी परत येणार नाही, आणि कुणाचा अपमानही झालेला नसतो. हे शिकायला वेळ लागतो, पण शिकावं.

बाहेर पडण्याआधी फोनची सोय पाहावी. २०२०च्या अखेरपासून सिमकार्डाला ११ अंकी राष्ट्रीय ओळख क्रमांक जोडणं सक्तीचं आहे. बंद पडलेलं जुनं सिम त्याशिवाय सुरू होत नाही. अ‍ॅपवरून गाडी बोलावली तर चालक आधी फोन करून कुठे जायचं आणि रोख की ट्रान्सफर एवढंच विचारतो. उत्तर आवडलं नाही तर फेरी रद्द होते. न्यायला घरचं माणूस आलेलं असणं सगळ्यात चांगलं.

शुक्रवार

पहिली सकाळ वीज आणि पाणी समजून घेण्यात जाते. वीज मंडळाचं नाव 'नेपा' होतं. २००५ मध्ये ते बदललं, २०१३ मध्ये वितरण खासगी कंपन्यांकडे गेलं, तरी दिवे लागले की गल्लीतली पोरं आजही "अप नेपा!" अशीच आरोळी ठोकतात. नेपाची अक्षरं सोडवून लोकांनी 'नेव्हर एक्स्पेक्ट पॉवर ऑलवेज' केलं होतं. नंतर पीएचसीएन हे नाव आलं, तेव्हा 'प्लीज होल्ड कँडल नाऊ' तयार झालं.

आता ग्राहक 'ए' ते 'ई' अशा बँडमध्ये विभागलेले आहेत. 'ए' बँडला दिवसाला किमान २० तास वीज मिळायला हवी, आणि त्यासाठी एप्रिल २०२४ मध्ये युनिटचा दर ६८ नायरांवरून (नायरा हे नायजेरियाचं चलन) एकदम २२५ नायरांवर नेला गेला. पुढे तो थोडा उतरला. त्यामुळे 'ए' बँडच्या घरातली चिंता वेगळी असते: वीज का गेली याची नाही, एसी कुणी चालू ठेवला याची. पाहुण्याने हे ओळखून वागावं. मीटर प्रीपेड असेल तर पैसे भरल्यावर २० अंकी टोकन येतं, ते मीटरवर दाबायचं. एक अंक चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. मीटर नसलेल्या घराला अंदाजाने बिल येतं, त्याला सगळे 'क्रेझी बिल' म्हणतात.

वीज येताच घरात ठरलेला क्रम चालतो: आधी बोअरवेलचा पंप, मग इस्त्री, मग फोन. छतावरची टाकी भरली नाही तर उद्या आंघोळ नाही, म्हणून पंप पहिला. प्यायला 'प्युअर वॉटर', म्हणजे ५० सेंटिलिटरच्या पिशव्या, एका गोणीत २०. पिशवीवर 'नाफडॅक' या अन्न-औषध नियंत्रकाचा नोंदणी क्रमांक छापलेला पाहूनच घ्यावी.

आणि जनरेटर. सगळ्यात छोट्याचं लोकांनी ठेवलेलं नाव 'आय बेटर पास माय नेबर', शेजाऱ्यापेक्षा माझं बरं. हे टू-स्ट्रोक इंजिन आहे. १ लिटर पेट्रोलला साधारण २० मिलिलिटर टू-टी ऑइल मिसळायचं. ऑइल कमी पडलं तर पिस्टन जाम होतो. जास्त झालं तर धूर येतो, प्लग काळा पडतो आणि सायलेन्सर काजळीने तुंबतो. यावर दोन पंखे, दिवे, टीव्ही चालतो. फ्रिज लावला तर सुरू होतानाच्या झटक्याने यंत्र गुदमरतं. एका गोष्टीत मात्र कुणाचंही ऐकू नये: जनरेटर व्हरांड्यात, जिन्याखाली किंवा खिडकीशी ठेवू नये. चोरी होईल म्हणून आत घेतलेल्या जनरेटरच्या कार्बन मोनॉक्साइडने झोपेत कुटुंबंच्या कुटुंबं गेली आहेत.

खर्चाचं गणितही याच दिवशी कळतं. २९ मे २०२३ला राष्ट्राध्यक्ष बोला टिनुबू यांनी शपथविधीच्या भाषणातच पेट्रोलचं अनुदान संपल्याचं जाहीर केलं. काही दिवसांत दोनशेच्या आतलं लिटर पाचशेच्या घरात गेलं, आणि २०२४च्या अखेरीस हजाराच्या आसपास. जून २०२३ मध्ये नायराचा विनिमय दर बाजारावर सोडला गेला. डॉलरला ४६०च्या आसपास असलेला दर पुढच्या वर्षी दीड हजारापर्यंत पोचला. परतलेल्याच्या हातातले पौंड तिपटीने फुगले आणि घरच्यांचा पगार तेवढाच घटला. या आठवड्यातल्या प्रत्येक विनोदाखाली हा हिशेब आहे.

शनिवार

शनिवार म्हणजे ओवाम्बे. लग्न, साठी, अगदी वृद्धाचा अंत्यविधीसुद्धा, लागोसच्या भागातल्या योरुबा लोकांची मोठी मेजवानी ही अशी. कपड्याची तयारी मात्र ऑक्टोबरात सुरू व्हायला हवी. यजमान 'आसो-एबी' ठरवतात: सगळ्यांनी एकाच कापडाचं शिवायचं. बायकांना साधारण ५ यार्ड लेस आणि डोक्याला बांधायचं 'गेले' नावाचं कापड, पुरुषांना आग्बादा हा ढगळ झगा आणि फिला टोपी. यजमान कापड खरेदीपेक्षा चढ्या भावाने विकतात आणि त्या फरकातून समारंभाचा खर्च निघतो. म्हणून महाग वाटलं तरी घासाघीस करत नाहीत, तो आहेरच आहे. डिसेंबरातला शिंपी हा स्वतंत्र विषय. 'हे सांगितलं होतं आणि हे मिळालं' अशी छायाचित्रांची जोडी दरवर्षी फिरते. शिंप्याला खऱ्या तारखेच्या १० दिवस आधीची तारीख सांगावी, नमुन्याचं चित्र छापून द्यावं आणि शिवणीत दाब सोडायला सांगावा.

वाङ्निश्चयाला दोन सूत्रधार बायका असतात. वराकडची आलागा इदुरो, वधूकडची आलागा इजोको. वर आणि त्याचे मित्र वधूच्या आईवडिलांसमोर जमिनीवर पालथे पडून नमस्कार करतात. "हा लंडनवाला नीट पडला नाही, गुडघा वर दिसतोय, पुन्हा!" असं म्हणत आलागा त्यांना पुन्हा पाडते आणि प्रत्येक चुकीला दंड घेते. हा दंड विनोदात मागितला तरी खराखुरा द्यायचा असतो. मित्रमंडळींनी सुटे पैसे सोबत ठेवावेत. वराकडून येणाऱ्या वस्तूंत बहुधा ४२ याम, म्हणजे कोनफळाच्या जातीचे कंद, मध, मीठ, पामतेल, कोला नट आणि बायबल किंवा कुराण असतं. बऱ्याच घरी वधूमूल्याचं पाकीट तिथल्या तिथे परत केलं जातं: आम्ही मुलगी विकत नाही. हसत्या गर्दीत हा क्षण सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आणतो, आणि आणावंच.

नाचणाऱ्याच्या कपाळावर नोटा चिकटवण्याला 'स्प्रेइंग' म्हणतात. मध्यवर्ती बँकेच्या २००७च्या कायद्याच्या कलम २१ नुसार हा गुन्हा आहे: किमान ६ महिने कैद, किंवा किमान ५० हजार नायरा दंड, किंवा दोन्ही. वर्षानुवर्षं कुणी मनावर घेत नव्हतं. एप्रिल २०२४ मध्ये समाजमाध्यमांवरच्या एका अतिप्रसिद्ध व्यक्तीला याच कलमाखाली ६ महिन्यांची शिक्षा झाली आणि चित्र पालटलं. आता बरेच लोक पाकीट देतात. काही ठिकाणी नाचणाऱ्यासमोर टोपली धरतात. परदेशी पासपोर्टवर आलेल्याने व्हिडिओ चालू असताना नोटा उडवू नयेत.

जेवणाला कार्यक्रमपत्रिकेच्या भाषेत 'आयटम सेव्हन' म्हणतात, आणि भाषण लांबलं की मागून "आयटम सेव्हन!" ऐकू येतंच. मेजवानीच्या जोलोफ भाताला उकडा लांब तांदूळच लागतो, साधा तांदूळ मोठ्या पातेल्यात मोडतो. लाल तताशे मिरची, टोमॅटो, कांदा आणि तिखट रोडो वाटून, पाणी पूर्ण आटून तेल सुटेपर्यंत परततात. इथे घाई केली तर भात आंबट होतो. मग मांस उकळलेलं पाणी म्हणजे स्टॉक, थाइम, करी पावडर, तमालपत्र, धुतलेला तांदूळ. पाणी तांदळाच्या जेमतेम वर, झाकण घट्ट. लाकडाच्या चुलीवर तळाचा थर किंचित लागतो आणि तो धुरकट वास वर चढतो. घरच्या गॅसवर तो वास येत नाही, म्हणून 'पार्टी जोलोफ'साठी माणसं निमंत्रण नसलेल्या लग्नातही जातात.

रविवार

सकाळी चर्च, दुपारी नातेवाईक. भेटवस्तू वयाच्या क्रमाने द्यायच्या, सगळ्यात वृद्धाला आधी, आणि उजव्या हाताने. डावा हात पुढे केला तर वस्तू कितीही भारी असो, अपमान होतो. योरुबा घरात मुलगी गुडघे टेकते, मुलगा वाकून जमिनीला हात लावतो. पन्नाशीच्या परतलेल्यालाही काकांसमोर हे करावं लागतं, आणि त्याने ते मनापासून केलं की घर सैल होतं.

मग हळूहळू फोनवर निरोप येऊ लागतात. 'अर्जंट टू-के', तातडीचे दोन हजार, हा सगळ्या देशाचा विनोद आहे. रक्कम इतकी लहान की नाही म्हणायला लाज वाटावी, आणि दिली की 'आझा', म्हणजे खाते क्रमांक, आधीच पाठवलेला. दोन हजार नायरा म्हणजे जेमतेम एक पौंड. पण जुलै २०२४ पासून किमान वेतन महिना ७० हजार नायरा आहे, त्या हिशेबाने ते एका दिवसाच्या मजुरीइतके होतात. मागणारा आळशी नाही. देणाराही लंडनमध्ये वृद्धाश्रमात दोन-दोन पाळ्या करून दमलेला असतो आणि ते सांगत नाही, कारण घरच्यांना त्याचा बर्फातला फोटो पाठवलेला असतो. परदेशातले नायजेरियन दरवर्षी २० अब्ज डॉलरच्या आसपास मायदेशी पाठवतात. त्यातला बराच भाग अशाच औषधाच्या, फीच्या, भाड्याच्या मागण्यांत जातो.

अनुभवी लोकांची रीत अशी: निघण्यापूर्वीच सुट्टीतल्या मदतीची एकूण रक्कम ठरवायची, ती वेगळ्या खात्यात ठेवायची. शाळेची फी थेट शाळेच्या खात्यात, औषधाचे पैसे थेट दुकानात. बाकीच्यांना हसून "सापा डे होल्ड मी ओ!", कडकीने मलाही धरलंय. हे वाक्य ऐकून समोरचाही हसतो आणि पुढच्या वर्षीपर्यंत विषय संपतो. नाही म्हणताना भाषण देऊ नये, त्यानेच माणसं दुखावतात.

सोमवार

जमिनीचा दिवस. परदेशात राहणाऱ्या बहुतेकांचं स्वप्न इथे एक घर बांधायचं, आणि सगळ्यात मोठी फसवणूकही इथेच. भिंतींवर लाल रंगाने लिहिलेलं 'धिस हाऊस इज नॉट फॉर सेल, बिवेअर ऑफ ४१९' शहरभर दिसतं. ४१९ हे फसवणुकीचं दंडसंहितेतलं कलम. ही पाटी गमतीची नाही. मालक परदेशी असला की किल्ली ज्याच्याकडे तोच घर दोघा-तिघांना विकून मोकळा होतो.

१९७८च्या भूमी वापर कायद्याने राज्यातली जमीन राज्यपालाच्या ताब्यात विश्वस्त म्हणून असते. नागरिकाला भोगवटा मिळतो, साधारण ९९ वर्षांचा, आणि पुढच्या प्रत्येक हस्तांतरणाला राज्यपालाची संमती लागते. म्हणून 'कुटुंबाची पावती' हा मालकीचा पुरावा नव्हे. आधी विक्रेत्याकडून सर्व्हे प्लॅन घ्यायचा. तो आपल्या सर्व्हेअरकडून अलाउसा इथल्या (तिथेच राज्य सरकारची कार्यालयं आहेत) महासर्व्हेअर कार्यालयात नकाशावर बसवून घ्यायचा: जमीन मोकळी आहे की सरकारी संपादनाखाली? मग तिथल्याच भूमी नोंदणी कार्यालयात शोध. दोन्ही कामं विक्रेत्याच्या माणसाकडून करून घेऊ नयेत, वकील आणि सर्व्हेअर आपले हवेत.

कागद स्वच्छ असले तरी 'ओमो ओनिले' येतात, मूळ जमीनमालक घराण्याची पोरं. पाया खणताना पैसे, स्लॅबला पैसे, छपराला पैसे. लागोस राज्याच्या २०१६च्या मालमत्ता संरक्षण कायद्याने ही वसुली गुन्हा ठरवली आहे. प्रत्यक्षात बहुतेकजण घराण्याच्या प्रमुखाशी सुरुवातीलाच एक लेखी रक्कम ठरवून पावती घेतात, कारण प्रत्येक टप्प्यावर वेगळी टोळी आली तर कुठली खरी ते कळत नाही.

बांधकाम भावाच्या भरवशावर टाकून लंडनहून पैसे पाठवणाऱ्यांना दुसऱ्याच कुणाच्या घराचे फोटो आल्याची उदाहरणं घरोघरी आहेत. उपाय कोरडे आहेत पण चालतात. फोटो नको, रस्त्याच्या पाटीपासून न थांबता फाटकातून आत जाणारा थेट व्हिडिओ कॉल हवा. पैसे टप्प्याने: पाया, जमिनीचा काँक्रीटचा थर ज्याला इथे 'जर्मन फ्लोअर' म्हणतात, लिंटेलपर्यंत भिंती, 'डेकिंग' म्हणजे स्लॅब, मग छप्पर. सिमेंट आणि सळईचे पैसे थेट दुकानदाराला. ५० किलोच्या पोत्यातून ९ इंची ब्लॉक तिशीच्या आसपास निघाले तर माल ठीक. कारागीर पन्नास काढत असेल तर त्यात वाळूच आहे, तो ब्लॉक कमरेच्या उंचीवरून पडला की भुगा होतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये लागोसच्या इकोयी भागात बांधकाम चालू असलेली २१ मजली इमारत कोसळून ४०हून जास्त माणसं मेली. बचत कुठे करायची नाही, हे त्यानंतर कुणाला सांगावं लागू नये.

मंगळवार

वाहतूक. १३ फेब्रुवारी १९७६ला राष्ट्रप्रमुख मुर्तला मुहम्मद यांची हत्या झाली तेव्हा त्यांची गाडी लागोसच्या कोंडीत अडकलेली होती. विमानतळाला त्यांचंच नाव आहे. कोंडीला इथे 'गो-स्लो' म्हणतात. ११.८ किलोमीटरचा थर्ड मेनलँड पूल सकाळी लवकर पार केला तर काही मिनिटांत, आठनंतर तासापेक्षा जास्त.

पिवळ्या दान्फो बसमध्ये चढताना कंडक्टर आधीच बजावतो, "एंटर विथ युअर चेंज ओ!" सुटे नसतील तर तो दोन अनोळखी प्रवाशांचे पैसे एकाच नोटेत परत करून 'लग्न लावून' देतो. मग दोघं उतरून सुट्यांसाठी पानटपरीसारख्या टपऱ्या शोधत फिरतात, आणि बसमधले सगळे नवदांपत्याला शुभेच्छा देतात. उतरायच्या थांब्याच्या जरा आधी "ओवा!" ओरडायचं, थांबा आल्यावर ओरडून उपयोग नाही. भाडं पावसात आणि संध्याकाळी वाढतं, म्हणून बसण्यापूर्वी विचारावं. दान्फो नको तर बीआरटी बस किंवा सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेली मरीना ते माइल टू ही ब्लू लाइन रेल्वे आहे. दोन्हीकडे काउरी हे आधी पैसे भरून ठेवायचं प्रवासकार्ड चालतं.

आतल्या गल्ल्यांत 'केके': मागे तिघं, चालकाशेजारी एक. ही रिक्षा मराठी वाचकाला अनोळखी नाही, ती पुण्याच्या बजाजची आहे. 'ओकाडा' म्हणजे दुचाकी टॅक्सीतही बजाज बॉक्सरच सर्वाधिक दिसते. पण २०२० आणि २०२२च्या आदेशांनी लागोसच्या बऱ्याच भागांत ओकाडाला बंदी आहे. चालक तयार असला तरी बसू नये, कारण प्रवाशालाही शिक्षेची तरतूद आहे.

बालोगुन बाजारात "माय कस्टमर!" म्हणून हाक येते. परदेशी हेल ऐकला की भाव चढतो, म्हणून बोलणी पिजिनमध्ये, म्हणजे इथल्या मिश्र इंग्रजी बोलीत, करावी किंवा धाकट्या बहिणीला करू द्यावी. निम्म्याहून खाली सुरुवात करून चालायला लागायचं, परत बोलावतील त्या भावाच्या जरा वर सौदा होतो. तांदूळ, डाळी 'डेरिका' डब्याने मोजतात, तांदळाचे साधारण ९०० ग्रॅम. डब्याचा तळ आत ठोकलेला नाही ना हे बोटाने चाचपावं. ट्रान्सफर केलं तर दुकानदार पैसे खात्यात दिसेपर्यंत सोडत नाही. खोट्या संदेशांनी त्यांना फार फसवलंय, त्यामुळे रागावू नये, उभं राहावं.

बुधवार

इबादान, लागोसजवळचं मोठं शहर. लागोसमधल्या एबुटे मेट्टाच्या मोबोलाजी जॉन्सन स्थानकावरून १५७ किलोमीटरची रेल्वे २०२१ पासून आहे, अडीच-तीन तासांत इबादानच्या मोनिया स्थानकाला पोचते. डिसेंबरात तिकीट आधी काढावं. तिथे आमाला खावा: वाळवलेल्या यामचं पीठ उकळत्या पाण्यात उकडीसारखं घोटलेलं, सोबत डाळीची ग्बेगिरी आणि तागाच्या पानांची एवेडू. गोळा चावायचा नाही, गिळायचा. चावणाऱ्याला इबादानमध्ये लगेच आयजेजीबी म्हणून ओळखतात.

गुरुवार

सामान बांधणं. विमान कंपन्या बहुधा २३ किलोच्या बॅगा देतात, आणि विमानतळावर पिशव्या उघडून गारी (कसाव्याचा भाजलेला रवा) इकडून तिकडे करणारी कुटुंबं हमखास दिसतात. घरीच लटकता काटा वापरून २२ किलोवर थांबावं. गारी आणि रश्शाला लागणाऱ्या सोललेल्या एगुसी व ओग्बोनो बिया दुहेरी पिशवीत. सुकी मासळी आणि क्रेफिश तीन थरांत गुंडाळून, नाहीतर आठवडाभर कपड्यांना वास राहतो. ब्रिटनमध्ये वैयक्तिक वापरासाठी मासळी २० किलोपर्यंत चालते. मांस कुठल्याही रूपात चालत नाही, म्हणजे 'सुया' हे भाजलेलं मसालेदार मांस, 'किलिशी' हे वाळवलेलं मांस आणि गाईच्या कातडीचं पोन्मो इथेच संपवायचं. उगू या पालेभाजीच्या ताज्या पानांना आणि यामला वनस्पती-आरोग्य दाखला लागतो. आई गुपचूप बॅगेत एक याम घालतेच, निघण्यापूर्वी बॅग स्वतः पुन्हा उघडून पाहावी.